धुऱ्यावरचा भीम

आमचे धाकटे दीर वैजीनाथ भावजी दहावीच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा गणितात राहिले. दुसऱ्या कुणी ही गोष्ट झाकून ठेवली असती. भावजी लग्नासाठी मुलगी बघायला गेले की चहा यायच्या आधीच ती सांगून मोकळे व्हायचे. मुलीच्या बापानं शिक्षण विचारलं की म्हणायचे, "दहावीला तीनदा बसलोय. आमच्या गावात इतक्यांदा कुणीच बसलेलं न्हाई." मग पोहे यायचे, मुलगी काही यायची नाही. असं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. मी या घरात आले तेव्हापासून त्यांचं ताट माझ्याकडंच आहे, त्यामुळं त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क कुणाला असेल तर तो मला. रोज पूजा आटोपली की मी वहीत चार ओळी लिहिते, त्यात देवाखालोखाल जागा भावजींनीच अडवलेली आहे.

माणूस असा की बैल हाकताना बैलाशी बोलेल, बैल थांबला तर आधी त्याचं काय म्हणणं आहे ते विचारेल. वाटणीत त्यांना ओढ्याकडचं रान आलं. जमीन बरी, पण वाट वाकडी. त्या वाटेचंच पुढं सगळं रामायण झालं. पण आधी शाळेचं सांगते.

आमच्या गावच्या शाळेत पुढं बसतात ती पोरं हुशार, मागं बसतात ती मागं राहतात, आणि त्यांच्याही मागं काही असतात, ती वर्गात नसतातच. भक्ती त्यातली. तिचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पोरगी कधी त्यांच्यासोबत तिथल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कधी इथं आजीजवळ, म्हणजे कडूबाईजवळ. एक धडा इथं ऐकायचा, दुसरा चुकायचा, तिसरा कळायचा नाही. चौथीत गेली तरी अक्षर लागेना. मग ती शाळेला म्हणून निघायची आणि भावजींच्या तुरीत जाऊन बसायची. एक दिवस भावजी तूर बघायला गेले, तर सरीत दप्तर, दप्तरावर पोरगी आणि पोरीच्या तोंडात तुरीच्या शेंगा.

मी असते तर कान धरून शाळेत नेऊन सोडलं असतं. भावजी शेजारी बसले आणि म्हणाले, "मीबी शाळा बुडवून हितंच बसायचो. पण त्या अंगाला. तिकडं सावली बरी हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत किराणा दुकानदाराचा महारुद्र आला. हा पोरगा गोळ्या-बिस्किटांत वाढलेला. वर्गात त्याला बसवता येत नव्हतं आणि दुकानात ठेवता येत नव्हतं. मग आणखी चार-पाच जमली. शेवटी मुख्याध्यापकच रानात आले. ते रागावायला आले असावेत, पण पोरं मन लावून कांद्याची रोपं लावताना बघून त्यांनी वेगळंच ठरवलं. वर्गात ज्यांचं जमत नाही त्यांनी सकाळी वैजीनाथच्या रानात जावं, दुपारी शाळेत यावं. जाताना ते फार हलके होऊन चालत होते असं भावजी सांगतात.

गावानं लगेच बारसं केलं: ढ शाळा. पारावरचे लोक म्हणायला लागले, वैजीनाथला फुकटात गडी मिळाले. भावजींनी त्यांना रानात बोलावलं. म्हणाले, एक पोरगं एक वाफा खुरपतंय आणि दोन तुडवितंय, मीच त्यांच्याकडं गडी लागलोय, तेही बिनपगारी. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा तो शब्द बोलला नाही.

शिकवायची त्यांची रीत दोनच गोष्टींची. पहिली अशी, की प्रत्येकाला एक वाफा. वाफ्यात काय पेरलं आणि ते कुणाचं हे पत्र्याच्या तुकड्यावर लिहून वाफ्याच्या तोंडाशी रोवायचं. ज्या वाफ्याला पाटी नाही तो सगळ्यांचा, कुणीही उपटून खावं. भक्तीनं मेथी लावली. मेथी वर आली, कोवळी झाली आणि महारुद्र रोज तिथं बसून भाकरीसोबत ती खायला लागला. भक्ती रडली, भांडली, एकदा चावलीसुद्धा. भावजी म्हणाले, "पाटी कुठाय?" चौथीपर्यंत ज्या पोरीला अक्षर लागलं नव्हतं, तिनं तीन दिवस पत्र्याशी झुंज घेऊन लिहिलं: "मेथी भक्तीची. महारुद्र खाऊ नको." पाटी रोवली. पण महारुद्रालाच वाचता येत नव्हतं, तो खात राहिला. मग भक्तीनं त्याला आधी ती पाटी वाचायला शिकवली आणि मग मारलं. एका मेथीत दोघं साक्षर झाले.

दुसरी रीत गणिताची. भावजींना गणित येत नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे आणि ते नाटक नाही. पोरांनी काही सांगितलं की ते म्हणतात, "मला न्हाई कळलं." मग पोर पुन्हा सांगतं. "न्हाई कळलं, नीट सांग." पोर काड्या मांडतं, शेंगा मांडतं, मातीत रेघा ओढतं. भावजींना शेवटी कळतं की नाही, देव जाणे, पण तोवर त्या पोराला पक्कं कळून जातं. कुणी सर म्हणलेलं त्यांना चालत नाही. सर म्हणलं की निकालाचा फळा दिसतो म्हणतात. पोरं त्यांना वैजूकाका म्हणतात.

आता वाटेचं.

रस्त्यावरून भावजींच्या रानात यायला सरळ वाट एकच. ती व्यंकटरावांच्या रानातून, दोघांच्या मधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेकडेनं. दुसरी वाट ओढ्यातून. ओढ्याला पाणी नसलं तर चिखल, चिखल नसला तर रानडुकरं. पोरांच्या आयांनी निक्षून सांगितलं होतं, ओढ्यातून जावं लागलं तर आम्ही पोरं पाठवणार नाही. म्हणजे व्यंकटरावांची वाट होती तोवर शाळा होती.

व्यंकटराव माणूस वाईट नाहीत. देवधर्म करतात, मारुतीच्या देवळाला त्यांनीच फरशी बसवली. पण हद्दीच्या बाबतीत कडक. स्वतःची कोंबडी दुसऱ्याच्या रानात गेली तर तिलाही शिव्या देतात. दोन वर्षं त्यांनी पोरांना जाऊ दिलं. तिसऱ्या वर्षी मात्र धुऱ्याच्या कडेला त्यांनी हरभरा पेरला. हरभऱ्याला घाटे धरले आणि वाटेच्या बाजूचे घाटे गायब व्हायला लागले. पोरांनी तुडवलं, पोरांनी खाल्लं, असं ते म्हणायला लागले. खरं सांगायचं तर एकट्या महारुद्रानं खाल्लं होतं, पण त्याचं एकट्याचं खाणं शाळेइतकंच होतं.

एक दिवस सिमेंटचे खांब आणि तारेची भेंडोळी येऊन रस्त्याच्या कडेला पडली. व्यंकटराव भावजींना एवढंच म्हणाले, "येळवस होऊ दे वैजीनाथ. सणाच्या आधी मी कुणाची वाट अडवीत न्हाई. येळवस झाली की तार मारतो."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या. पालम, सोनपेठ, गंगाखेड या भागात त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. कडब्याची कोपी करायची, तिच्यात पाच दगड चुना-काव लावून पाच पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची, आणि ज्याला बोलवाल त्याला आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर पोटभर वाढायची. त्या दिवशी कुणी कुणाच्या रानात जेवायला गेला की मागचा राग धरत नाहीत.

भावजींनी तोच दिवस धरला. वाटणीपासून आमचे पांडव आमच्या रानात आहेत, आणि भावजी दरवर्षी आमच्याच कोपीत जेवायचे. त्या वर्षी म्हणाले, मी माझी कोपी घालतो, पोरं माझी पाहुणी आणि व्यंकटराव मानाचे. मला आधी जरा लागलंच. एका घरचे पांडव दोन ठिकाणी मांडावेत की नाही, ही शंकासुद्धा होती. मारुतीच्या पुजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पांडव बारा वर्षं रानोमाळ हिंडले बाई, त्यांना दोन रानांचं काय." मग मन निवळलं.

आदल्या दिवशी भावजी चुलीपाशी येऊन बसले. एरवी बडबड करणारा माणूस, त्या दिवशी नुसती लाकडं पुढं सारत होता. मग म्हणाले, "वैनी, शाळा आता तुमच्या आंबिलीवर हाय."

माझ्या आंबिलीवर याआधी इतका जिम्मा कधी पडला नव्हता. ज्वारीचं पीठ आंबवलं, ताक घुसळलं, लसूण-जिरं घातलं, मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवलं. भज्जीसाठी पोरांनी तूर, वाटाणा, वाल, हरभऱ्याचा पाला, जे मिळेल ते खुडून आणलं. वाटाणे सोलायला महारुद्राला बसवणं ही भावजींची चूक. सोललेल्यातले निम्मे भांड्यात आले.

पांडवांचं कामही त्यांनी पोरांवरच सोपवलं होतं. भीम मोठा पाहिजे, अर्जुन उभट, नकुल-सहदेव जोडीला जोड, आणि धर्मराज शांत दिसला पाहिजे. बस, एवढंच सांगितलं आणि स्वतः कोपीचा कडबा बांधायला लागले. पोरं सगळं शिवार पालथं घालून आली. पाच दगड आले. भीम आणताना भक्ती आणि महारुद्र तो दोघांत मिळून धरून, मधे मधे टेकवत आले. कुठून आणला हे भावजींनी विचारलं नाही. चुना फासला, कावेचे पट्टे ओढले की दगडाचं मूळ गाव कुणाला ओळखू येणार?

सणाच्या दिवशी आमच्या रानातली पूजा मी सकाळीच उरकली. पाहुण्यांसाठी हे तिकडंच थांबले, आणि मी पाट्या-मडकी घेऊन भावजींकडं आले. व्यंकटराव पांढरंशुभ्र धोतर नेसून, खांद्यावर कोरा टॉवेल टाकून आले. पोरांनी त्यांना ओळीनं नमस्कार केला. हे भावजींनी पढवलेलं होतं, कारण महारुद्रानं चुकून दोनदा केला. मानाचे म्हणून नारळ त्यांनाच फोडायला दिला. त्यांनी पाचही पांडवांना हळद-कुंकू वाहिलं, भीमापुढं नारळ फोडला, टॉवेल गळ्याशी घेऊन डोकं टेकवलं. मग जेवायला बसले.

पहिली आंबील पिऊन त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा स्वतः वाटी पुढं केली. भावजींनी माझ्याकडं बघितलं, मी भावजींकडं. भज्जीवर तेल घेतलं, उंडा कुस्करला, खीर ओरपली, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. भावजी घसा खाकरून वाटेचा विषय काढणार, तेवढ्यात व्यंकटरावच कोपीकडं बघत कौतुकानं म्हणाले, "भीम मातर लय ऐटबाज मिळालाय. असा घडीव दगड आता बघायला मिळत न्हाई. कुठून आणलाव रे पोराहो?"

महारुद्राच्या तोंडात उंडा होता, तरी मोठ्या माणसानं विचारलं म्हणून त्यानं तसंच उत्तर दिलं. "तुमच्या धुऱ्यावरून."

त्यांना समाधान वाटावं म्हणून भक्तीनं पुढं सांगितलं, "बाभळीजवळून, आजोबा. नुसताच हुबा होता. कुणाच्या कामाचा नव्हता."

व्यंकटरावांचा घास हातातच राहिला. भावजींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिलं, की माणूस गणितात नापास होताना कसा दिसत असेल. धुऱ्यावर बाभळीपाशी एकच घडीव दगड होता आणि तो दोन्ही रानांच्या हद्दीचा होता.

"वैजीनाथ," व्यंकटराव म्हणाले, "ही हद्द हाय."

भावजींच्या आधी मीच बोलले. "होती, भाऊ. आता भीम हाय."

"उठवा त्याला."

"आत्ता तुमीच नारळ फोडलाव त्याच्यापुढं. पुजलेला देव भरल्या पंगतीतून उठवीत न्हाईत."

हे मी वेळ मारून न्यायला बोलले नाही. मला खरंच अंगावर काटा आला होता. माणसाला ताटावरून उठवणं पाप, तर देवाचं काय? व्यंकटरावांनाही ते पटलं, तोच तर घोटाळा झाला. दगड म्हणून उचलावा तर कपाळाला त्याचंच कुंकू लागलेलं, देव म्हणून ठेवावा तर हद्द गेली. ते एकदा भीमाकडं बघायचे, एकदा धुऱ्याकडं. मग म्हणाले, भीम राहू द्या, मी सरकारी मोजणी आणतो, आणि मोजणीवाले खुणा करतील तिथं तार येईल. वाटेचं आता नावच काढू नका. माझी आंबील वाया गेली ती त्या क्षणी.

भावजी हात जोडून म्हणाले, मोजणी कशाला, पोरं जागा दाखवतील, तिथं आपण दुसरा दगड पुरू. पंगत अर्धी टाकून सगळे बाभळीपाशी गेलो. महारुद्र उंडा सोबत घेऊन आला.

बाभळीपाशी धुरा रुंद आहे. तिथं गवत, बोरी, काटे, असं दोन्हीकडचं बेवारशी माजलेलं असतं. भक्तीनं भावजींच्या रानाकडचा ताजा खड्डा दाखवला. एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण भावजींना सवय. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला न्हाई कळलं. हितंच होता कशावरून? नीट सांग."

आणि भक्ती खाली बसून नीट सांगायला लागली.

"हितं होता, काका. लय घट्ट नव्हता. भोवती विटा ठोकलेल्या होत्या, त्या काढल्या की निघाला." तिनं खड्ड्यातून एक तुकडा काढून भावजींच्या हातात दिला. भावजींनी माती पुसली. लाल वीट, एका बाजूला सिमेंट चिकटलेलं, मधे मोराचा छाप. आमच्या गावात मोराच्या छापाच्या विटा एकाच घराला आहेत. व्यंकटरावांनी त्याच्या तीन वर्षं आधी बांधलेल्या नव्या घराला. हद्दीचा दगड तर निजामाच्या काळचा.

व्यंकटराव म्हणाले, उंदरानं नेली असेल. भावजी म्हणाले, उंदीर तगडा हाय. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. हद्द तीन वर्षांत आपल्या रानात सरकली, हे आता बैलालाही कळलं असतं.

"आणखी एक हाय," भक्ती म्हणाली. तिला वाटलं, काकांना अजून कळलं नसेल. ती बाभळीला वळसा घालून व्यंकटरावांच्या अंगाला गेली. तिथं मधे गोल जागा मोकळी सोडून गवत उगवलेलं होतं. "हितंबी आधी कायतरी हुबं होतं. भीम शोधताना आमी हितं उकरलं तर खाली कपच्या लागल्या. गोल मांडलेल्या."

भावजींची मान ताठ झाली. दगड मूळचा तिकडं असेल, तर मधलं सगळं आपलंच. वाट मागायची गरजच नाही. व्यंकटराव टॉवेलनं तोंड पुसत राहिले. त्यांना घाम आला होता, आणि दिवस थंडीचे होते.

तोवर महारुद्रानं त्या गोलात हात घालून एक मोठी कपची उपसून काढली. कपची कसली, जात्याच्या तळीचं अर्धं होतं ते. मधे खुंट्याच्या भोकाचा अर्धा गोल, आणि काठावर टाकीनं कोरलेलं कमळ.

त्या कमळाचं दुसरं अर्धं मला पाठ आहे. आमच्या तुळशीपुढं पायरी म्हणून ते ठेवलेलं आहे आणि रोज सकाळी मी त्यावर दिवा ठेवते. सासूबाईंचं जातं फुटलं तेव्हा एक तुकडा कुठं गेला ते कधी कळलंच नाही. त्या मरेपर्यंत विचारायच्या. मामंजी म्हणायचे, गेला असेल कुठं तरी. मामंजी म्हणजे दोन्ही एकादश्या करणारा, गळ्यात माळ असलेला माणूस. कुठं गेला ते आता माझ्यासमोर होतं. आमच्या मामंजींनी आधी दगड व्यंकटरावांच्या बापाच्या रानात सरकवला होता. व्यंकटरावांनी तो परत आणला, आणि आणता आणता हात जरा लांब गेला.

हे कमळ तिथं उभ्या असलेल्यांत मी सोडून कुणीच ओळखणार नव्हतं. भावजींनी घरातल्या जात्याकडं जन्मात बघितलेलं नाही. मी गप्प बसले असते तर रान भावजींचं, वाट पोरांची. पण मागं कोपीत पाच पांडव बसलेले, त्यात एक धर्मराज. पोरांनी मुद्दाम शांत दिसणारा निवडलेला.

"भावजी," मी म्हणाले, "हे आपल्या घरचं जातं हाय."

भावजींनी माझ्याकडं असं बघितलं, की निकालाच्या फळ्याकडंही इतक्या दुःखानं बघितलं नसेल.

व्यंकटराव मात्र हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. म्हणाले, "माझी माय मरस्तोवर म्हणायची, त्यांच्या म्हाताऱ्यानं दगड सरकवला. मी म्हणायचो, जाऊ दे माय."

"मग?" भावजींनी विचारलं.

"मग जाऊ दिलं न्हाई."

आता पोरांनी साधाच प्रश्न विचारला, की मग खरी जागा कुठली? दोन मोठी माणसं दोन खड्ड्यांपाशी उभी, आणि दोन्ही खड्डे सरकवलेले. व्यंकटराव बाभळीकडं बघायला लागले, भावजी आभाळाकडं. भावजी म्हणाले, आणा की मोजणी. व्यंकटराव म्हणाले, तूच आण. मोजणी आली तर कुणाचं किती जाईल हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छा तर कुणालाच नव्हती.

"मला न्हाई कळलं," भावजी म्हणाले. या वेळी ते शंभर टक्के खरं होतं.

भक्तीनं सुस्कारा टाकला. काकांना समजवायचं म्हणजे काम, हे तिला रोजचंच. तिनं काडी घेतली, विटांच्या खड्ड्यापासून एक रेघ ओढली, जात्याच्या खड्ड्यापासून दुसरी.

"हे बगा काका. ह्या रेघेच्या अलीकडं तुमचं, ह्यात भांडण न्हाई. त्या रेघेच्या पलीकडं आजोबांचं, त्यातबी भांडण न्हाई. मधलं उरलं ते कुणाचंच न्हाई. मधून आमी येत जाऊ. हरभरा तुडवायचा न्हाई."

"खायचाबी न्हाई?" महारुद्रानं विचारलं.

"तुला हात पुरायचा न्हाई," भक्ती म्हणाली, "रुंद हाय."

व्यंकटरावांनी त्या रेघांकडं बघितलं. मग एक पाय मधे ठेवून त्यांनी रुंदी अजमावली. पोरांची ओळ सहज गेली असती, डोक्यावर पाटी घेतलेली बाईसुद्धा. मागं वळून त्यांनी कोपीतल्या भीमाकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर भीमाचं कुंकू अजून तसंच होतं. मग मला म्हणाले, "वैनी, आंबील उरलीया का?"

मडक्याच्या तळाशी होती तेवढी सगळी त्यांच्या वाटीत ओतली.

त्या संध्याकाळी पोरांनी पेटत्या कडब्याचा हेंडगा घेऊन रानाला फेरी मारली, तेव्हा धुऱ्याच्या बाजूला ती अडखळली नाहीत. सरळ मधल्या वाटेनं ओरडत पळाली. अर्धं जातं मी डोक्यावर घेऊन घरी आले. आता तुळशीपुढं पूर्ण कमळ आहे. मधे चीर आहे, पण दिवा नीट बसतो. मामंजींसाठी त्या रात्री एक वात जास्त लावली. त्यांना तिची गरज होती.

तार आली, पण वाटेच्या पलीकडून. ती मुद्दाम महारुद्रासाठी आहे असं व्यंकटराव स्वतः सांगतात. हद्दीला नवा दगड काही कुणी पुरला नाही. भीम कोपीतून उठायचा नाही, हे माझं म्हणणं आता गावानंच उचलून धरलं आहे. आणि गंमत अशी, की नांगरणीला ट्रॅक्टर आला की व्यंकटराव तारेच्या आत हातभर आधीच वळवतात आणि तारही तेवढी मागं घेतात, भावजी इकडून हातभर आधी वळवतात, दोघंही एकमेकांना दिसेल असे. त्यामुळं वाट दरवर्षी जरा रुंद व्हायला लागली आहे. यंदा तिच्यातून बैलगाडी गेली. ढ शाळेत आता सोळा पोरं आहेत. त्यातली निम्मी मुळात ढ नाहीतच, रानात मजा असते म्हणून नापास व्हायच्या खटपटीत असतात, अशी मुख्याध्यापकांची तक्रार आहे.

भक्ती आता आठवीत आहे. वाट ठरली त्याच आठवड्यात तिनं पत्र्याची पाटी लिहून बाभळीला बांधली: "ही वाट कुणाची नाही. सरकवू नये."

व्यंकटराव जाता-येता तिथं थांबतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी ती वाचतात. परवा भावजी तिथंच बैल चारत होते. व्यंकटरावांनी विचारलं, "वैजीनाथ, हे 'सरकवू नये' पोरीनं नेमकं कुणाला म्हणलंय?"

भावजींनी पाटी वाचली, बैलाकडं बघितलं, पुन्हा पाटी वाचली.

"मला न्हाई कळलं," ते म्हणाले.